कडकचं डोकं, मागून

कात्रीभाऊ आरसा तिरका धरतात, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त एका माणसाला, आणि नेमका त्याच्यासाठीच तो तिरका धरला जात होता.

भाऊंचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, वर एक झरोका आणि कोपऱ्यात जुन्या मासिकांचा गठ्ठा, ज्यातली शब्दकोडी कोणीतरी नेहमी अर्धीच सोडवलेली असतात. केस कापून झाले, की मानेवरची पावडर झटकायची आणि मागे हातातला छोटा आरसा धरून गिऱ्हाइकाला त्याची मागची बाजू दाखवायची, ही जगभरची रीत. पण भाऊंच्या मनगटात एक दया होती. ज्याच्या डोक्यावर मागे विरळ झालंय, त्याच्यासाठी आरसा जरा खाली उतरायचा आणि जरासा कलायचा. मानेवरची रेघ दिसायची, कानामागची सफाई दिसायची, वरचं काही दिसायचं नाही. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि खुर्चीतून चार वर्षांनी तरुण होऊन उठायचं. बहुतेकांना आपलं काय गेलंय ते ठाऊक असायचं. भाऊंनी तो विषय काढला नाही, एवढ्यावरच ते खूश असायचे.

कडकची गोष्ट वेगळी. कडकला खरंच ठाऊक नव्हतं.

कडक म्हणजे भाऊंच्या शेजारचा इस्त्रीवाला. दोघांच्या दुकानांत एकच भिंत, तीही अशी पातळ की इकडे कात्री थांबली की तिकडून विचारणा व्हायची, "काय रे कात्री, कापायचे संपले की गिऱ्हाईक पळालं?" कपड्यांच्या घड्यांवरून त्याला हे नाव पडलं आणि जिभेमुळे ते टिकलं. स्वतःचा शर्ट तो असा घालायचा की बसताना लोक बाजूला सरकत, न जाणो घडी टोचायची. कॉलर तर त्याची खास. मागच्या बाजूला मधोमध एक बारीक चिमटीची घडी, तशी गल्लीत दुसऱ्या कोणाची नाही. खिशात कंगवा. कपाळावरचे केस भरघोस, मागे वळवलेले, आणि त्यांचा अभिमान केसांपेक्षाही भरघोस.

"आमच्या घराण्यात माणूस जातो, केस जात नाहीत," हे तो शर्ट परत देताना पावतीसारखं प्रत्येकाच्या हातात ठेवायचा. औषधवाल्याला बघितलं की हमखास म्हणायचा, "या, या. तुम्ही दारात उभे राहिलात की मला दिवा लावावा लागत नाही." औषधवाला हसायचा. तो का हसतो हे कडकला कळत नव्हतं. औषधांच्या दुकानात चोरांवर लक्ष ठेवायला छताला एक कॅमेरा लावलेला होता. कडक खोकल्याची बाटली घ्यायला वाकला, की गल्ल्याजवळच्या पडद्यावर त्याच्या घराण्याचा सगळा अभिमान वरून दिसायचा. मध्यावर बशीएवढा मोकळा गोल, भोवती केसांचं कुंपण. औषधवाल्याने हे कधी तोंडाबाहेर काढलं नाही. लोणचं मुरायला ठेवावं तसं ठेवलं होतं.

आणि कडकवहिनी? त्याही बोलल्या नव्हत्या. नवऱ्याला एकच गोष्ट आनंद देत असेल, तर ती का फोडा, असं त्यांचं गणित. कंगवा पुढून मागे फिरायचा, पुढचे लांब केस मागच्या गोलावर आडवे पडायचे, हाताला केस लागायचे, संपला विषय. मुलीच्या लग्नात काय झालं असतं देव जाणे. पण त्या दिवशी कात्रीभाऊ सावलीसारखे कडकच्या मागे उभे होते. फोटोवाला मागे जाऊ लागला की भाऊ मध्ये. लोकांना वाटलं, काय ही मैत्री. ती होतीच.

तर असे हे भाऊ. आणि या माणसाच्या हातून पुढे जे झालं, ते एका खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यामुळे झालं.

भाऊंना फोटोचा नाद जुना. आधी मुलीच्या फोनवर काढायचे. पण फोनमधले केस त्यांना पटेनात. "हे केस आहेत का?" ते मुलीला म्हणायचे. "भिजलेला कापूस आहे हा. मी एकेक केस वेगळा करतो आणि हा फोन सगळे परत चिकटवतो."

"बाबा, केसांकडे कोण बघतं फोटोत?"

"मग मी काय बघू? नाक?"

दुपारी दुकान सुस्त असायचं. त्या वेळात भाऊ कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन बसू लागले. तिथला दुकानदार सोशिक होता, धंद्यातला जाणकार होता, आणि भाऊंच्या सुदैवाने त्याच्या मानेवर केस वाढले होते. त्याने आधी मोठा कॅमेरा काढला, भिंगं बदलता येणारा. भाऊंनी तो गळ्यात घालून वाकून बघितलं. "हा लटकवून दाढी करायला गेलो तर गिऱ्हाइकाच्या नाकावर बसेल." मग अगदी छोटा निघाला, लांबचं जवळ आणणारा. भाऊ म्हणाले, "वळा."

"काय?"

"तिकडे तोंड करा. मान बघू द्या."

दुकानदार वळला. भाऊंनी त्याच्या मानेचा फोटो काढला, पडद्यावर मोठा केला आणि चेहरा पाडला. पुन्हा कापूस. मग दुसरा कॅमेरा, पुन्हा मान. तिसरा, पुन्हा मान. बाकीची गिऱ्हाइकं बघत होती की हा माणूस कॅमेरा घ्यायला आलाय की केस कापायला. शेवटी दुकानदारानेच समजावलं. आत उजेड झेलणारी जी पट्टी असते, सेन्सर, ती नखाएवढी असली की अंधूक खोलीत बारीकसारीक सगळं लिबलिबीत होतं. ती मोठी हवी, आणि भिंगाचं तोंडही मोठं उघडणारं हवं. छोट्या आकारात हे दोन्ही बसवायचं तर लांबचं ओढून आणणं सोडावं लागतं.

"तुम्हाला लांबचं काढायचंय की जवळचं?"

"माझं सगळं आयुष्य हातभर अंतरावर गेलंय," भाऊ म्हणाले.

मग प्रश्नच मिटला. निवडला तो काळा, बुटका, एप्रनच्या खिशात सरळ मावणारा. भिंगाभोवतीची कडी फिरवली की टिक टिक करत आकडे सरकायचे, वस्तऱ्याची मूठ उघडावी तसे. मागचा पडदा वर दुमडता यायचा, म्हणजे कॅमेरा पोटापाशी धरून वरून बघत फोटो काढता येत होता. आणि दुकानदाराने शेवटी, पिशवीत घालता घालता सांगितलं, "याचा आवाज पूर्ण बंद होतो. लहान मुलं, पाखरं, झोपलेली माणसं, कोणाला कळतसुद्धा नाही."

भाऊंना ही शेवटची गोष्टच सगळ्यात आवडली. पाणी मुरलं ते इथे.

घरी बायकोने डबी उघडून बघितली. "केस कापून पोट भरता आणि आता केसांचेच फोटो. जेवणात निघतो तो पुरत नाही का?" पण दुसऱ्या दिवशी तिनेच एप्रनचा खिसा आतून जाड फडक्याने शिवून दिला, कॅमेऱ्याला ओरखडा नको म्हणून. भाऊंच्या घरी प्रेम हे असं, टोमण्याच्या अस्तरात शिवलेलं.

भाऊ शिकले मात्र मन लावून. पांढरं कापड पांघरलेलं गिऱ्हाईक समोर असलं की कॅमेरा घाबरतो, फार उजेड आहे असं समजून सगळंच मळकं काढतो, हे त्यांना कळलं. मग वरची चकती फिरवून थोडा उजेड वाढवायचा. काळेभोर केस चौकटभर असले की कॅमेरा उलटा फसतो, तेव्हा कमी करायचा. काय धूसर ठेवायचं, काय धारदार, हे भिंगाच्या तोंडावर ठरवायचं. कात्री धरणाऱ्या हाताला हे सगळं लवकर जमलं. फोटो निघू लागले. कानामागून डोकावणारी पेन्सिल, मानेवर चिकटलेला एकच पांढरा केस, पोराचे पहिले केस कापताना आईच्या मुठीत चुरगळलेला रुमाल. खरंच सुंदर. लोकांना दाखवायचे, लोक म्हणायचे, हे कधी काढलंत? भाऊ नुसतं हसायचे.

मग ती दुपार.

कडक केस कापून घ्यायला आला होता. आठवडाभर एका मोठ्या हॉटेलच्या चादरींचं काम चाललेलं, त्यामुळे खुर्चीत बसला आणि कापता कापता पेंगला. भाऊंनी कात्री ठेवली. मान पुढे झुकलेली, अंगावर पांढरं कापड, कापडाच्या वर ती चिमटीच्या घडीची कॉलर, आणि झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा बरोबर डोक्याच्या मध्यावर. ओले केस बाजूला विंचरलेले, त्यामुळे गोल उघडा. त्याच्या कडेचे बारीक केस उन्हात पेटल्यासारखे, प्रत्येक केस वेगळा, मोजून घ्यावा असा.

भाऊंनी खिशात हात घातला. पडदा वर दुमडला. ऊन फुटून पांढरं होऊ नये म्हणून उजेड थोडा कमी केला. श्वास धरला. आवाज बंदच होता.

त्या क्षणी त्यांना तिथे मित्र दिसला नाही, नुसता उजेड दिसला. हे त्यांनी पुढे स्वतःच्या मनाशी हजारदा घोळवलं, आणि दर वेळी ते बचावासारखं सुरू होऊन कबुलीसारखं संपलं.

कडक जागा झाला. "झालं का रे?"

"झालं." भाऊंनी केस मागे वळवून नीट बसवले, हातआरसा उचलला आणि सवयीने खाली उतरवून कलवला. एका हाताने झाकलं. आणि जे झाकलं, तेच दुसऱ्या हाताने मघाशी खिशात ठेवलं होतं.

वाचनालयाच्या वरच्या दालनात हौशी लोकांचं एक फोटोमंडळ भरायचं. ग्रंथपालबाई ते चालवायच्या. पुस्तकाची फाटकी पानं चिकटवणाऱ्या बाईंच्या बोटांना जितकी नजाकत, तितकीच त्यांच्या नजरेला. वार्षिक प्रदर्शनासाठी त्या सगळ्यांचे फोटो संगणकावर बघत बसल्या होत्या. भाऊंचे सरकत सरकत त्या एका फोटोवर आले आणि बाईंचा हात थांबला. फोटो ठेवायचाच नव्हता खरं तर, पुसायचा राहून गेला होता, असं भाऊ स्वतःला सांगत होते. पुसायचा राहिलेला फोटो माणूस रोज उघडून बघतो का, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"हा मधोमध लावायचा," बाई म्हणाल्या. "मोठा करून. कोण आहे हा?"

"असाच एक जण."

"विचारलंयत ना त्याला?"

भाऊंच्या तोंडून जे निघालं, ते त्या वेळी त्यांना विनोद वाटला. "बाई, मागून काढलेला आहे. कोणी ओळखणार नाही. तो स्वतःसुद्धा ओळखणार नाही."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग त्यांनी फोटोखाली चिठ्ठी लिहिली, 'दुपार'.

प्रदर्शनाला गल्ली लोटली. फोटोची आवड म्हणून नव्हे, आपल्यातलं कोणी भिंतीवर लागलंय म्हणून. औषधवाला आला, पाववाला आला, भाऊंची बायको ठेवणीतली पर्स घेऊन आली. आणि सगळ्यात आधी आला कडक. मित्राचा मोठा दिवस म्हणून नवा शर्ट, घडी अशी की तिच्यावर कलिंगड कापावं. मागे कॉलरला ती चिमटी. भाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल, दाखव. कुठे आहे तुझा पराक्रम?"

भाऊंनी बोट दाखवलं. दुसरं काय करणार?

कडक फोटोसमोर उभा राहिला. फोटोतलं डोकं आणि फोटोकडे बघणारं डोकं, एकाखाली एक. दोन्ही कॉलरींना एकच चिमटी, पण कडकची नजर त्या गोलाखाली उतरलीच नाही. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना दोन्ही दिसत होती.

"अरे बाप रे," कडक म्हणाला, आणि खदखदून हसला. "हा कोण रे बिचारा?"

पाववाला पंख्याकडे बघू लागला.

"बघा, बघा. मैदान आहे हे. आणि हा घरी आरशासमोर उभा राहून भांग पाडत असेल." तो औषधवाल्याकडे वळला. "तुम्ही तर नाही ना हो?"

औषधवाल्याला ठसका लागला. तो रुमाल तोंडात कोंबून जिन्याकडे गेला. पाववाला त्याच्यामागे, तब्येत विचारायला म्हणून. जिन्यात दोघांची तब्येत बराच वेळ बिघडलेली ऐकू येत होती. भाऊंची बायको पर्सच्या चेनशी खेळत राहिली. आणि कडकवहिनी फोटोकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडेही बघत नव्हत्या. त्या भाऊंकडे बघत होत्या. त्या नजरेत राग असता तर भाऊंनी झेलला असता. तिथे नुसता प्रश्न होता, तुम्हीसुद्धा?

घरी जाताना भाऊंची बायको एवढंच म्हणाली, "फोटो छान आहे." मग बऱ्याच वेळाने, "म्हणूनच वाईट आहे."

गोष्ट इथे थांबली असती तर बरं होतं. पण कडकला नवा खेळ मिळाला. त्या डोक्याचा मालक शोधायचा. शर्ट घ्यायला आलेल्याला म्हणायचा, "जरा वळा बघू." भिंतीपलीकडून दिवसातून चारदा हाक यायची, "अरे कात्री, तो रंगारी का रे? नाही? मग तो लांब नाकाचा, गुरुवारी येतो तो?" भाऊ पलीकडून म्हणायचे, "गिऱ्हाइकाचं गुपित असतं, कडक." आणि कात्री उगाच जोरात चालवायचे.

माणूस एवढ्यावर थांबला नाही. त्याला त्या अनोळखी माणसाची कणवही यायला लागली. एकदा चहा पिता पिता गंभीर होऊन म्हणाला, "चेष्टा जाऊ दे. त्याला माहीत आहे का रे, की तो तिथे लटकलाय?"

भाऊंनी कपात बघितलं. "नाही."

"हे बरं नाही केलंस."

"हो."

"नाही म्हणजे, फोटो झकास आहे. पण बिचारा सहज वाचनालयात गेला आणि दिसलं त्याला, तर? बायकोसोबत गेला तर?"

भाऊंचा चहा गार झाला. त्या दिवसापासून कॅमेरा ड्रॉवरमध्ये गेला, पावडरच्या डब्यामागे. हातात हातआरसा घेतला की तो जड लागायचा. दुसऱ्या गिऱ्हाइकांना तिरका धरतानाही मनगट चाचरायचं. एक जण म्हणाला, "भाऊ, हात दुखतोय का?" भाऊ म्हणाले, "हो." तेवढं खोटं त्यांना त्या आठवड्यातलं सगळ्यात हलकं वाटलं.

सांगायचं, असं रोज ठरायचं. सकाळी शटर वर करताना ठरायचं आणि पलीकडून "काय रे कात्री" आलं की मोडायचं. प्रदर्शन आटोपलं की फोटो उतरेल, लोक विसरतील, असंही एक मन म्हणायचं. ते मन भाऊंना पसंत नव्हतं, पण त्याचंच ऐकलं जात होतं.

मग पुढची केस कापायची पाळी आली. कडक खुर्चीत, मानेवर साबणाचा फेस, भाऊंच्या हातात वस्तरा. बाजूच्या खुर्चीत औषधवाला दाढीला बसलेला, गालावर गरम टॉवेल. आणि कडकच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"मला कळलंय तो कोण ते," कडक आरशातून औषधवाल्याकडे बघत म्हणाला. "मान्य करून टाका. तुमचंच आहे ते डोकं. मी तर वाचनालयात सांगूनही आलो, फोटोखाली तुमचं नाव लिहा म्हणून."

औषधवाल्याने टॉवेल काढला. माणूस इतकी वर्षं हसत आला होता. पण आपल्या नावाची चिठ्ठी भिंतीवर लागणार म्हटल्यावर त्याचाही तोल गेला.

"माझं नाही ते."

"मग कोणाचं?"

"ते भाऊंना विचारा." त्याने उठून टॉवेल खुर्चीवर टाकला. "नाहीतर भाऊंना म्हणावं, एकदा तरी आरसा सरळ धरा." आणि दाढी न करताच तो निघून गेला.

"काय म्हणाला तो?" कडक म्हणाला.

भाऊंना अजूनही वाट होती. चिडलाय, सोड, म्हणता आलं असतं. त्यांनी वस्तरा पुसून ठेवला. हातआरसा घेतला, कडकच्या मागे उभे राहिले आणि तो वर उचलून सरळ धरला. ओले केस बाजूला होते. झाकायला काही नव्हतं.

कडक समोर बघत राहिला. आधी डोळे बारीक केले. मग म्हणाला, "आरसा खराब झालाय तुझा." मग कापडाखालून हात काढून हळूच मागे नेला. बोटं त्या गोलावर टेकली, थांबली, कडेपर्यंत गेली आणि परत आली. आरशात तो हात त्याला स्वतःला दिसत होता, म्हणून तो नाही म्हणू शकत नव्हता.

"कधीपासून?"

"तुझ्या मुलीच्या लग्नाच्या आधीपासून."

"म्हणजे लग्नाच्या फोटोत..."

"तिथे मी मागे उभा होतो."

लग्नातला तो सगळा दिवस, मागे उभा राहिलेला मित्र, कडकला नव्याने आठवत असावा. चेहरा क्षणभर मऊ पडला. तेच भाऊंना जास्त लागलं, कारण आता तो पुढे काय विचारणार हे त्यांना दिसत होतं.

"आणि एवढं करून शेवटी तूच लावलंस भिंतीवर."

"हो."

"हिला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना." कडकने मान हलवली. "झाकलंस, त्याचं काही नाही. मीही गिऱ्हाइकाच्या शर्टाचं भोक घडीत दाबून देतो. दाखवलंस, तेही एक वेळ चाललं असतं. पण आधी मला का नाही दाखवलंस रे?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते इतकं लहान होतं की भाऊंना तोंडातून काढताना लाज वाटली.

"फोटो चांगला आला होता."

कडक उठला. अंगावरचं पांढरं कापड त्याने स्वतःच सोडलं, झटकलं आणि उभ्या उभ्या त्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, कारण रागातही त्या हातांना दुसरं येत नव्हतं. घडी खुर्चीवर ठेवली आणि तो गेला. मानेवर फेस तसाच. भाऊ टॉवेल घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. रस्त्यावरून कडक आपल्या दुकानात शिरला, मागून सगळा दिसत होता, आणि त्याने पहिल्यांदाच झाकण्यासाठी हात मागे नेऊन केस सारखे केले.

त्याच संध्याकाळी भाऊ वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंना म्हणाले, उतरवा. प्रदर्शन अजून चालू होतं, मधोमध रिकामी जागा दिसली असती. बाईंनी कारण विचारलं नाही. स्टूल ओढलं, फोटो उतरवला, मागचे खिळेही काढले. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच बोलल्या आणि मग हळू आवाजात, "मीही तुमचं उत्तर चालवून घेतलं."

फोटो कागदात गुंडाळून भाऊ इस्त्रीच्या दुकानात गेले. कडक चादरीवर पाणी शिंपडत होता. वर बघितलं नाही.

"हा तुझा," भाऊ म्हणाले.

कडकने इस्त्री उभी ठेवली, कागद सोडला, फोटो टेबलावर आडवा ठेवला. वाफेत उभा राहून बराच वेळ बघितला. भाऊंनी माफीचे शब्द रस्त्याने जुळवून आणले होते. त्यातला एकही सापडेना.

"कॉलर मात्र काय आली आहे," कडक शेवटी म्हणाला. आणि फोटो उलटा करून फळीवर, न नेलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला.

त्यानंतर तो केस कापायला बाजारापलीकडच्या दुकानात जाऊ लागला. तिथला माणूस घाईचा होता. डाव्या कानावर पायरी राहायची, कल्ले खालीवर व्हायचे. भाऊंना रोज जाता-येता ती पायरी दिसायची आणि बोटं शिवशिवायची. त्यांचे एप्रन, टॉवेल इस्त्रीला जातच होते आणि परत येतच होते. कडकने त्यात काही कमी केलं नाही. आधी घड्यांमध्ये कधी लपवलेली चिठ्ठी असायची, कधी एप्रनचे बंद असे गाठवलेले की सोडवताना भाऊंनी शिव्या द्याव्यात आणि भिंतीपलीकडून हसू यावं. आता नुसत्या घड्या. निर्दोष, गुळगुळीत. भाऊ एप्रनचे बंद सहज सुटले की क्षणभर तसेच उभे राहायचे.

कॅमेरा त्यांनी पुन्हा बाहेर काढला, पण आवाज चालू करून. काढण्याआधी विचारायचे, काढल्यावर दाखवायचे. लोक ताठ बसायचे, पोट आत घ्यायचे, ओळखपत्राला बसल्यासारखे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "भाऊ, फोटो पूर्वीसारखे नाही राहिले." भाऊ म्हणाले, "नाही." त्यांना त्याची तक्रार नव्हती. माझ्यासारख्याला असेच शोभतात, असं त्यांना वाटत असावं.

मग एका दुपारी, दुकान रिकामं असताना, कडक दारात आला.

"त्या गाढवाने कान कापायचा बाकी ठेवलाय," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

भाऊंनी कापड पांघरलं. भाऊंनी कानावरची पायरी काढली, कल्ले जुळवले, मागचं सगळं हलक्या हाताने सारखं केलं. गोल आता बशीपेक्षा मोठा होता. शेवटी पावडर झटकली आणि हातआरशाकडे हात नेला.

"आण इकडे," कडक म्हणाला. "तो मी धरणार."

त्याने आरसा घेतला, खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ केली, आरसा चेहऱ्यासमोर धरला आणि त्यात मागच्या मोठ्या आरशातलं आपलं डोकं बघत बसला. वर, खाली, सरळ. भाऊ बाजूला उभे. आरसा धरायचा हात रिकामा, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. झरोक्यातून तोच उन्हाचा पट्टा आला होता. भिंतीवरच्या आरशात ते उजळलेलं डोकं, इकडे छोट्या आरशाच्या कडेवरून बघणारे कडकचे डोळे, दोन्ही एकाच नजरेत. भाऊंनी नजर खाली वळवली.

"काढ," कडक म्हणाला. "खिशात हात गेलाय तुझा, मला दिसतोय. काढ. पण काढलास की आधी मला दाखव."

भाऊंनी काढला. एकच. कॅमेऱ्याने खट् आवाज केला. फोटो पडद्यावर आणून त्यांनी कडकसमोर धरला, आणि धरताना त्यांच्या लक्षात आलं, हा पहिल्यापेक्षा चांगला आला होता. पहिल्यात नुसतं ऊन होतं. यात माणूस होता, स्वतःकडे बघणारा.

कडकने पुष्कळ वेळ बघितला. त्यालाही कळलं असावं. आयुष्यभर कापडाचं पोत ओळखणारा माणूस तो.

"चांगलाय," तो म्हणाला. "पूस."

भाऊंनी कचरापेटीचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने लगेच पुसला नाही. त्याची रीत असते, तो आधी विचारतो. पडद्यावर प्रश्न आला, नक्की का म्हणून. एवढ्याशा यंत्राला विचारायचं कळतं, असं भाऊंच्या मनात आलं.

त्यांनी हो दाबलं.

कडकने हातआरसा परत दिला नाही. मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाला, "मानेवर फेस लाव. मागच्या वेळचा वस्तरा राहिलाय."

आता तो दर वेळी भाऊंकडेच येतो. बोलतो, चेष्टा करतो, फक्त डोक्यांची करत नाही. औषधवाल्याला परवा त्याने खुर्ची पुसून दिली. केस कापून झाले की मात्र न बोलता हात पुढे करतो. भाऊ आरसा त्याच्या हातात देतात, आणि तो बघेपर्यंत बाजूला उभे राहतात.